पुण्यातले नाक, बॉस्टनचे मूत्रपिंड

23 डिसेंबर 1954 रोजी बॉस्टनमध्ये एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसवणारे डॉ. जोसेफ मरे मुळात प्लास्टिक सर्जन होते. जगातल्या पहिल्या यशस्वी अवयवप्रत्यारोपणाचा मान कातडीवर काम करणाऱ्याकडे गेला, हा योगायोग नव्हे. त्या धाग्याचे टोक धरून मागे गेले, की वाट सवाई माधवरावांच्या पुण्यात पोचते.

कावसजी इंग्रजी फौजेत बैल हाकत असे. नाव पारशी वाटते, पण तत्कालीन वृत्तांत त्याला शेतकरी जातीतला मराठा म्हणतो. 1792 च्या लढाईत टिपूच्या हाती सापडल्यावर त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. पुढे पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक दिले. त्या कारागिराचे नाव कुणी लिहून ठेवले नाही, कृती मात्र बारकाईने नोंदवली. मेणाचा पातळ साचा नाकाच्या जागी बसवायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, कडेने रेघ ओढायची आणि तेवढी कातडी सोडवायची. दोन डोळ्यांच्या मधली पट्टी तेवढी जोडलेली राहू द्यायची. मग कातडी वळवून खाली आणायची आणि टाक्यांऐवजी पाण्यात कालवलेला कात लावलेल्या पट्ट्यांनी बसवायची. सुमारे 25 दिवसांनी ती मधली पट्टी कापायची. जेम्स वेल्सने कावसजीचे चित्र काढले आणि लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर 1794 मध्ये सारी हकीकत छापली.

ही विद्या आली कुठून? सर्वांच्या ओठावर पहिले नाव सुश्रुताचे येते. झाडाच्या पानाने नाकाचे माप घेणे आणि नाकपुड्या मिटू नयेत म्हणून आत नळ्या ठेवणे सुश्रुतसंहितेत आहे. पुण्यातही माप घेतले जाई आणि नाकपुड्यांत कापडाच्या वाती बसवल्या जात. पण संहिता कातडी घेते गालाची; पुण्याचा कारागीर घेतो कपाळाची. औषधेही वेगळी. हिमाचलातल्या कांगड्यातही नाक बसवणारी घराणी होती, म्हणून काहींना उगम उत्तरेत दिसतो. इटलीत टॅग्लियाकोझ्झीने 1597 मध्ये दंडाच्या कातडीची पद्धत छापली. पण तीत दंड कित्येक दिवस डोक्याशी बांधून ठेवावा लागे.

या सगळ्यांत सर्वांत पटणारा तर्क असा, की सुश्रुताची मूळ कल्पना टिकली, पण ग्रंथातून नव्हे, हातातून हातात. गालावरून कपाळाकडे सरकणे हा वैद्याच्या पाठांतराचा नव्हे, साचा घेऊन काम करणाऱ्या कारागिराचा निर्णय असावा. कपाळाची कातडी रुंद, सपाट. तिचा रक्तपुरवठाही भरपूर. तीत आखलेले माप नेमके उतरते.

त्या मासिकातली हकीकत वाचून शल्यविशारद जोसेफ कार्प्यूने मृतदेहांवर सराव केला आणि ऑक्टोबर 1814 मध्ये लंडनमध्ये तसेच नाक बसवले. 1816 मध्ये त्याचे पुस्तक निघाले आणि ‘भारतीय पद्धत’ युरोपभर गेली. प्लास्टिक सर्जरी उभी राहिली.

पुण्याचे नाक टिकले, कारण कातडी रुग्णाची स्वतःची होती आणि रक्त चालू होते. परक्याची कातडी मात्र गळून पडे. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्यांवर काम करताना शास्त्रज्ञ पीटर मेडावार यांनी दाखवले, की त्याच दात्याची कातडी दुसऱ्यांदा लावली तर ती आणखी लवकर नाकारली जाते. म्हणजे शरीर परक्याला ओळखते आणि ती ओळख लक्षात ठेवते. मरे त्याच काळात लष्करी रुग्णालयात भाजलेल्या सैनिकांना कातडी लावत होते. एकसारख्या जुळ्यांमध्ये ती टिकते, हे 1937 मध्येच दिसले होते. तोच नियम मरे यांनी मूत्रपिंडाला लावला. अर्थात शल्यविशारद कॅरेल यांनी रक्तवाहिन्या शिवण्याची कला आधीच सिद्ध केली नसती, तर हे शक्य झाले नसते. पुढे अवयवप्रत्यारोपण भारतातही आले: 16 फेब्रुवारी 1968 रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातले पहिले हृदयप्रत्यारोपण केले.

आज नांदेड-लातूरमध्ये मेंदूमृत रुग्णाच्या नातेवाइकांनी होकार दिला, तर अवयवांचे वाटप छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय समन्वय समितीमार्फत होते. मूत्रपिंड, यकृत, हृदय यांसाठी सहसा रक्ताभिसरण चालू असावे लागते. कातडी मात्र हृदय थांबल्यावरही साधारण सहा तासांच्या आत घेता येते, म्हणजे घरी मृत्यू झालेल्यांनाही हे दान करता येते. ग्लिसरॉलमध्ये ठेवलेली ती कातडी भाजलेल्या रुग्णाला काही आठवडे झाकते, जंतुसंसर्ग रोखते, पाणी आणि प्रथिने बाहेर जाऊ देत नाही. नंतर ती गळून पडते. तोवर रुग्णाची स्वतःची कातडी लावण्याइतका वेळ डॉक्टरांना मिळालेला असतो.