सीटीच्या सीडीची कुळकथा

गोवंडी, देवनार, बैंगनवाडी या पट्ट्यात क्षयरोगाने बरीच घरं पोखरली आहेत, त्यामुळे छातीचा सीटी ही इथे नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. सीटी काढून परतणाऱ्या नातेवाइकांच्या पिशवीत मोठी काळी फिल्म असते, टाइप केलेला रिपोर्ट असतो आणि बहुतेक वेळा एक सीडी. डॉक्टर फिल्म उजेडाला धरून बघतात, रिपोर्ट घरात चारचारदा वाचला जातो आणि सीडी कपाटात जाते. तपासणीचा अस्सल ऐवज मात्र त्या सीडीतच असतो. फिल्म म्हणजे त्यातून निवडून छापलेली काही चित्रं.

सीटी म्हणजे मुळात आकड्यांची त्रिमितीय जाळी. शरीराच्या आडव्या कापांची एकावर एक रचलेली चळत, आणि प्रत्येक कापात साधारणपणे ५१२ गुणिले ५१२ चौकटी. प्रत्येक चौकटीत एक आकडा : पाण्याला शून्य, हवेला उणे १०००, हाडाला शेकड्यांनी वर. या मोजपट्टीला गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांचं नाव आहे. ईएमआय या ब्रिटिश कंपनीतल्या या अभियंत्याच्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा मेंदू टिपला. त्या चित्रात फक्त ८० गुणिले ८० चौकटी होत्या. १९७९ मध्ये ॲलन कॉरमॅक यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं.

त्या पहिल्या चित्रानंतरच्या दहा-बारा वर्षांत सीटी यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या वाढल्या आणि प्रत्येकीने आकडे साठवायची आपली पद्धत काढली. एका कंपनीच्या यंत्रातली तपासणी दुसरीच्या संगणकावर उघडेना. हा गुंता सोडवायला १९८३ मध्ये अमेरिकेतले रेडिऑलॉजिस्ट आणि विद्युत उपकरणांचे उत्पादक, अशा दोन संघटनांनी मिळून समिती नेमली. त्याच वर्षी, १५ नोव्हेंबर १९८३ला, भारतात अणुऊर्जा नियामक परिषद स्थापन झाली. तिचं नियामक भवन गोवंडीच्या शेजारी, अणुशक्तीनगरात आहे. देशातल्या कुठल्याही रुग्णालयाला सीटी यंत्र चालवायचं तर परवाना या परिषदेकडून घ्यावा लागतो. किरणांचा हिशेब इथे होतो. त्या किरणांतून निघालेले आकडे कुठल्या साच्यात साठवायचे, हे मात्र त्या अमेरिकी समितीने ठरवलं.

समितीचं पहिलं मानक १९८५ साली आलं. त्यात नेटवर्कचा विचारच नव्हता. दोन यंत्रं ५० पिनांच्या जाड केबलने थेट जोडायची, असा बेत होता. १९८८ मध्ये दुसरी आवृत्ती आली आणि १९९३ साली नेटवर्कसकट सगळं नव्याने मांडून ‘डायकॉम’ जन्माला आलं. आज सीडीवर सापडतात त्या याच घराण्यातल्या फाइली. एखादी फाइल उघडून तिचे बाइट मोजत गेलं, तर पहिले १२८ बाइट बहुधा कोरे दिसतात. ही जागा मुद्दाम सोडलेली आहे : दुसऱ्या एखाद्या चित्र-फॉरमॅटला तिथे आपली ओळख लिहून तीच फाइल वाचता यावी म्हणून. त्यानंतर डी-आय-सी-एम ही चार अक्षरं, आणि मग क्रमांक घातलेले रकाने. ००१०-००१० या रकान्यात रुग्णाचं नाव. ००२०-००३२ मध्ये हा काप शरीरात नेमका कुठे बसतो, ते मिलिमीटरमध्ये. आकड्यांची जाळी येते ती सगळ्यात शेवटी.

दुसरं घराणं चित्र काढणाऱ्यांचं. जाळीतून आधी पृष्ठभाग न कोरता, प्रत्येक आकड्याला रंग आणि पारदर्शकता देऊन सगळं घनफळच एकदम दाखवायचं, याला व्हॉल्यूम रेंडरिंग म्हणतात. चॅपल हिलच्या विद्यापीठातले मार्क लेव्हॉय आणि पिक्सारचे ड्रेबिन, कार्पेंटर, हॅनरहन यांचे पायाभूत निबंध १९८८ साली आले. या मंडळींना हवा होता वेग. शेकडो फाइली एकेक करून उघडण्यापेक्षा नुसते आकडे सलग ओतलेली एकच ‘रॉ’ फाइल त्यांना सोयीची होती. चॅपल हिलने वाटलेली डोक्याच्या सीटीची प्रसिद्ध नमुना जाळी अशीच आहे : ११३ काप, प्रत्येकी २५६ गुणिले २५६, आणि लांबी-रुंदी, बाइटांचा क्रम यांची माहिती वेगळ्या मजकुरात.

तो मजकूर हरवला की काय होतं, ते छातीच्या साध्या सीटीवर दिसतं. कापातल्या दोन चौकटींमधलं अंतर साधारण ०.७ मिलिमीटर असतं आणि दोन कापांमधलं बरेचदा ५. साठ कापांत ३० सेंटिमीटर उंचीची छाती मावते. सॉफ्टवेअरने सगळी अंतरं सारखीच धरली, तर तीच छाती जेमतेम चार सेंटिमीटरची भाकरी होऊन पडद्यावर येते. जागा वाचवायला १२ बिटांचे ४०९६ आकडे ८ बिटांच्या २५६ पायऱ्यांत बसवले, तर दर १६ आकड्यांची एक पायरी होते. हाउन्सफील्डच्या पट्टीवर यकृत साधारण ६०, प्लीहा साधारण ५०. यकृतात चरबी साठली की नाही, हे ठरवायला डॉक्टर याच दहाच्या फरकाकडे बघतात, आणि तो फरक एका पायरीत गिळला जाऊ शकतो. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या सीटीच्या फोटोची गत याहून वाईट असते. त्यात मूळ आकडे उरतच नाहीत.

तिसरं घराणं मेंदूच्या अभ्यासकांचं. मेयो क्लिनिकच्या ‘ॲनालाइझ’ फॉरमॅटमध्ये ३४८ बाइटांची प्रस्तावना होती, पण उजवी बाजू कोणती, हे तीवरून खात्रीने कळत नसे. रेडिऑलॉजिस्ट रुग्णाच्या पायाकडून बघतात, म्हणून त्यांच्या चित्रात रुग्णाची उजवी बाजू आपल्या डावीकडे येते. मेंदूचे अनेक अभ्यासक नेमकं उलट धरत. मेंदूच्या बाबतीत ही अदलाबदल जिवावर बेतणारी आहे. २००३-०४च्या सुमारास आलेल्या ‘निफ्टी’ने तीच ३४८ बाइटांची चौकट ठेवली आणि तिच्यातल्या बिनवापराच्या जागी दिशा लिहिली. जुनी सॉफ्टवेअरंही त्यामुळे बाद झाली नाहीत. मला या तिन्ही घराण्यांतली ही सगळ्यात शहाणी दुरुस्ती वाटते. तरी एक मेख आहेच : डायकॉममध्ये पहिला अक्ष रुग्णाच्या डाव्या हाताकडे वाढतो, निफ्टीत उजव्या. रूपांतर करणाऱ्याने चिन्ह बदललं नाही, तर डावं-उजवं उलटं होतं.

मग निवडायचं काय? पडद्यावर फिरवून बघण्यासाठी, मोजमापासाठी मी निफ्टी किंवा ‘रॉ’ आकड्यांना प्रस्तावना जोडणारा ‘एनआरआरडी’ हा फॉरमॅट घेईन. दुसऱ्याची प्रस्तावना तर साध्या मजकुरात असते. नोटपॅडमध्ये उघडून कापांचं अंतर आणि दिशा डोळ्यांनी तपासता येतात. रुग्णाचं नाव, जन्मतारीख यांचे ठरलेले रकाने या दोन्हींत नसतात, म्हणून संशोधकांकडे पाठवायलाही त्याच बऱ्या. पण मूळ डायकॉम फाइली पुसायच्या नाहीत, कधीच नाही. डायकॉमवरून बाकी सगळं पुन्हा करता येतं, ‘रॉ’वरून मागे जाता येत नाही.

आणि गोवंडीतल्या एखाद्या ताईंना आपल्या माणसाचा सीटी दुसऱ्या रुग्णालयात दाखवायचा असेल, तर त्यांनी केंद्रातून निघण्याआधी एवढं जरूर विचारावं : सीडीत डायकॉम आहे ना, आणि पाच मिलिमीटरच्या जाड कापांसोबत एक मिलिमीटरच्या आसपासची पातळ मालिकाही टाकली आहे ना? पातळ काप अनेकदा यंत्रावर तयार असतात आणि जागा मोकळी करताना पुसले जातात. त्याच दिवशी मागितले तर मिळण्याची शक्यता सगळ्यात जास्त.