रिचर्डसनचें फसलेलें भाकीत

पहिल्या महायुद्धांत फ्रान्समध्यें रुग्णवाहिका चालवीत असतां लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञानें २० मे १९१० चें मध्य युरोपांतील हवामान हातानें गणून पाहिलें. निरीक्षणें त्यानें पदार्थविज्ञानाच्या समीकरणांत जशींच्या तशीं घातलीं. उत्तर आलें, सहा तासांत वायुभार १४५ मिलिबार वाढेल! प्रत्यक्षांत पारा जवळजवळ हललाच नाहीं. समीकरणें खोटीं नव्हतीं. वारा व भार यांच्या मोजमापांचा मेळ बसला नव्हता. ही फजिती त्यानें १९२२ सालीं स्वतःच ग्रंथांत छापली. आम्हां मास्तरांना हें धैर्य क्वचितच साधतें. पुढें गणकयंत्रें आलीं. निरीक्षणें व गणित एकमेकांशीं जुळवून घेण्याची रीत रूढ झाली. तशा जुळविलेल्या ३९ वर्षांच्या नोंदींवरून शिकून ‘ग्राफकास्ट’ ही यंत्रशिक्षणाची पद्धति २०२३ सालीं दहा दिवसांचें भाकीत एका मिनिटाच्या आंत देऊं लागली.