पार्ल्याची शिरगणती

आपल्याकडच्या जनगणनेत माणसाचं वय विचारतात, शिक्षण विचारतात, मातृभाषा विचारतात, पण उत्पन्न विचारत नाहीत. २००१ पासून घरात टीव्ही, फोन, स्कूटर, मोटार आहे का हे विचारायला लागले, तेवढंच. (पगार विचारला असता तरी खरा आकडा कोण सांगणार होतं म्हणा!) त्यामुळे उपनगरात माणसं किती वाढली हे कळतं, पण त्यांच्या घरात पैसा किती येत होता हे ताडायचं तर घरांकडेच बघावं लागतं. आमचं विलेपार्ले पूर्व त्यासाठी फार सोयीचं आहे. आमचं म्हणून नव्हे... बरं, आमचं म्हणूनही :)

शंभर वर्षांपूर्वी इथे ईस्ट इंडियन ख्रिश्चनांची गावठाणं होती, भातखाचरं होती आणि अधूनमधून बंगले. १९२० साली मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा झाला. १९२१ मध्ये पार्ले टिळक विद्यालय आणि १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ. म्हणजे वस्ती धड वाढायच्या आत शाळा आणि संस्था तयार! १९२८ मध्ये विजेची लोकल बोरिवलीपर्यंत धावू लागली आणि फोर्टात कारकुनी करून पार्ल्यात राहणं जमू लागलं. पुढच्याच वर्षी 'पार्ले'चा कारखाना आला. १९५० मध्ये पार्लं मुंबई महापालिकेच्या हद्दीत गेलं.

तोवरचा नोकरदार पार्लेकर बहुतेक भाडेकरूच. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरू सुखावले, पण भाड्याने द्यायला नवी घरं बांधण्यात कोणाला रस उरला नाही. मग घर हवं तर विकत घ्या! त्यातून सहकारी सोसायट्या आल्या. बंगल्यांच्या जागी तीन-चार मजली, बिनलिफ्टच्या इमारती उभ्या राहिल्या. माझ्या मते पार्ल्याच्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा काळ हाच, आणि त्यावर फारसं कोणी लिहीत नाही. त्यात नाट्य काही नाही ना! प्रॉव्हिडंट फंडातून उचल, सोसायटीचं कर्ज, बायकोच्या पाटल्या, आणि एका पगारात दोन खोल्या-स्वयंपाकघर. १९६९ मध्ये चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, शाखा वाढल्या आणि घराघरांतून बायकाही बँकेत जाऊ लागल्या. दुसरा पगार आला. फ्रिज, टीव्ही, मुलांचं इंजिनिअरिंग हे पुष्कळसं त्या दुसऱ्या पगारातून झालं. लोक सांगताना मात्र "ह्यांनी घर घेतलं" असंच सांगतात.

आता थोडे आकडे. १९९१ ते २००१ या दहा वर्षांत उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ६७.५ लाखांवरून ८६.४ लाखांवर गेली. पुढच्या दहा वर्षांत ती जेमतेम ९३.६ लाख झाली. दक्षिणेकडच्या शहर जिल्ह्यात तर माणसं कमीच झाली, ३३.४ लाखांवरून ३०.९ लाख. घरांचे भाव मात्र या काळात कुठच्या कुठे गेले. माणसं आटोक्यात आणि भाव चढे, हे कसं? एक तर १९९१ नंतर पगारांची पट्टीच बदलली. शिवाय त्याच साली टीडीआर आला. म्हणजे रस्त्याला किंवा मैदानाला जागा सोडणाऱ्याला पैशांऐवजी बांधकामाचा हक्क मिळाला, आणि तो विकता येऊ लागला. शहरातला असा हक्क वापरायचा तो उपनगरात. जुन्या इमारती पाडून मजले चढवणं परवडू लागलं. (विमानतळामुळे उंचीवर बंधन आहे, नाहीतर बघायला नको.)

परिणाम असा की एकाच जिन्यावर दोन वेगळी उत्पन्नं राहतात. खालच्या मजल्यावर निवृत्त कारकून, पेन्शन बेताची, पण राहतं घर कोटींचं. वर नव्याने आलेलं कुटुंब, धंद्यातलं किंवा दोन भरभक्कम पगारांचं, चौथ्या गाडीसाठी जागा मागणारं. सोसायटीच्या सभेतली भांडणं मराठी-गुजराती अशी रंगवतात, पण बहुतेक वेळा वाद मेंटेनन्स किती वाढवायचा याचाच असतो. त्या कारकुनाची मुलं त्याच्याहून कितीतरी जास्त कमावतात आणि तरी पार्ल्यात घर घेऊ शकत नाहीत. ती विरारला, डोंबिवलीला, नाहीतर न्यू जर्सीला. घर वारशाने मिळालं तरच पार्लेकर. मला हे खटकतं. जे गाव एका पगारावर उभं राहिलं, तिथे आता नुसत्या पगाराच्या जोरावर शिरता येत नाही.

'पार्ले'चा कारखाना २०१६ मध्ये बंद झाला आणि बिस्किटांचा वास गेला.

२०२१ ची जनगणना झालीच नाही, ती आता २०२७ साठी जाहीर झाली आहे. पुनर्विकासात गेलेल्या इमारतींतली कुटुंबं तोवर नव्या घरात परतली तर ठीक. नाहीतर ती मोजली जातील अंधेरीत किंवा गोरेगावात, बिल्डरने दिलेल्या भाड्याच्या पैशांतून घेतलेल्या घरात, आणि पार्ल्यात त्यांच्या पत्त्यावर सापडतील पत्रे आणि वॉचमन.