रिपोर्ट नॉर्मल, हात मात्र थरथरतोय

माझ्या आजोबांचा हात कापायला लागला तेव्हा घरच्यांनी त्यांच्या मेंदूचा एमआरआय काढला. रिपोर्टमध्ये लिहिलेलं, 'वयानुसार नॉर्मल'. झालं! घरात ठरूनच गेलं की आजोबा मुद्दाम हळू चालतात. बशीतला चहा सांडला म्हणून मीही एकदा त्यांच्यावर खेकसलो होतो. तो 'नॉर्मल' शब्द डोक्यातून जात नाही, म्हणून आजचा विषय.

१८१७, लंडन. जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने कंपवातावर छोटंसं पुस्तक लिहिलं. रुग्ण किती? फक्त ६. त्यातले काही रस्त्यात भेटलेले, एक तर नुसता लांबून पाहिलेला! हात कापतो, पाठ वाकते, चालता चालता पावलं आपोआप पळायला लागतात, हे सगळं त्याने डोळ्यांनी टिपलं. बिघाड मात्र त्याला मानेतल्या मज्जारज्जूत वाटला. तिथे तो चुकला.

खरी जागा सापडली १९१९ मध्ये, पॅरिसला. ट्रेटियाकॉफने मृत रुग्णांचे मेंदू तपासले. मेंदूच्या देठात वरच्या बाजूला एक काळसर पट्टा असतो, सबस्टॅन्शिया नायग्रा, म्हणजे अक्षरशः 'काळा पदार्थ'. या रुग्णांमध्ये तो फिका पडला होता, तिथल्या पेशी मेल्या होत्या. पण हे बघायला माणूस आधी मरावा लागायचा.

१९७१ मध्ये लंडनलाच रुग्णाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन झाला, पुढे एमआरआय आला. हंटिंग्टनच्या आजारात कॉडेट नावाचा भाग आक्रसलेला दिसायलाही लागला. पार्किन्सन मात्र हुलकावणी देत राहिला. तो पट्टा इवलासा, आणि पेशी गेल्या तरी साध्या स्कॅनवर फारसं काही कळत नाही. म्हणून नेहमीचा एमआरआय बहुतेकदा नॉर्मलच येतो. डॉक्टर तो सांगतात ते गाठबिठ, पक्षाघात असं दुसरं काही नाही ना, हे बघायला. आम्हाला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

२००६ मध्ये जपानी संशोधकांनी ३ टेस्लाच्या यंत्रावर वेगळ्या पद्धतीने स्कॅन काढले. गंमत बघा, ते काळं रंगद्रव्य तिथे उजळ दिसतं, आणि रुग्णांमध्ये ती चमक कमी झालेली असते. ट्रेटियाकॉफला जे मृत मेंदूत दिसलं, ते जिवंत माणसात!

निदान मात्र अजूनही मुख्यतः रुग्णाला तपासूनच होतं. आजोबांना आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि म्हणाले, "आजोबा, जरा दारापर्यंत जाऊन या बरं." आजोबा निघाले. डावा हात हलत होता, उजवा अंगाला चिकटलेला. आम्ही तो रोज बघत होतो.