आम्रगंध
आम्रगंध : सुगंधी द्रव्यांच्या रचनेत योजला जाणारा आंब्याचा वास. गुलाब, मोगरा, केवडा यांची अत्तरे फुलांपासून व संत्रे, लिंबू इत्यादींची तेले फळांच्या सालींपासून मिळतात. आंब्याच्या गरापासून मात्र असे तेल सहसा काढले जात नाही. पिकलेल्या गरात सु. ८० टक्के पाणी असते व वासाची द्रव्ये अत्यल्प असतात. ऊर्ध्वपातनाच्या उष्णतेने गर शिजतो आणि ताज्या फळाचा वास पालटतो. कोयीतील स्निग्ध पदार्थ सौंदर्यप्रसाधनांत वापरतात. परंतु त्यालाही आंब्याचा वास जवळजवळ नसतो. त्यामुळे हा गंध फळाबाहेर टिकवावा कसा, हाच गंधकारांपुढील प्रश्न राहिला आहे.

प्राचीन भारत : अमरकोशात अतिसुगंधी आंब्यास ‘सहकार’ अशी स्वतंत्र संज्ञा आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेतील गंधयुक्तीच्या अध्यायात ‘पारिजात’ नावाच्या सुगंधांची कृती दिली आहे. निवडलेल्या द्रव्यांच्या मिश्रणास जायफळ, कस्तुरी व कापूर यांचा बोध देऊन त्यावर सहकार व मध शिंपावा, असे तीत सांगितले आहे. बोध म्हणजे तीव्र वासाच्या द्रव्याने मूळ गंध जागृत करण्याची क्रिया. सातव्या शतकात बाणभट्टाने हर्षचरितात कामरूपच्या भास्करवर्म्याने हर्षाकडे पाठविलेल्या भेटींचे वर्णन केले आहे. त्यांत जाड वेळूच्या नळ्यांत भरलेला सहकाररस व कृष्णागरूचे तेल यांचा उल्लेख येतो. आंब्याचा रस हा त्या काळी दूरच्या राजाकडे पाठविण्याजोगा मौल्यवान पदार्थ होता, असे यावरून दिसते.

गंधशास्त्राची ही परंपरा पुढेही चालू राहिली. गंगाधराच्या गंधसार या ग्रंथात भावन, पाचन, बोध, वेध, धूपन व वासन अशी सहा कर्मे सांगितली आहेत. हा ग्रंथ आणि मराठी टीकेसह असलेला गंधवाद हा दुसरा ग्रंथ, या दोहोंकडे अभ्यासकांचे लक्ष वेधण्याचे श्रेय पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांना आहे.

रासायनिक संशोधन : यूरोपात फळांचे वास सुगंधात आले ते प्रामुख्याने संश्लेषित द्रव्यांच्या द्वारे. १९०८ मध्ये तयार झालेल्या गॅमा-अंडेकॅलॅक्टोन या संयुगाला पीच फळाचा वास येतो. झाक गेर्लँ यांनी १९१९ मध्ये ‘मित्सुको’ या सुगंधात त्याचा उपयोग केला. आंब्याच्या बाबतीत मात्र वायुवर्णलेखन व द्रव्यमान वर्णपटविज्ञान या पद्धती प्रगत होईपर्यंत थांबावे लागले. १९७४ मध्ये डबाबंद हापूसच्या वासाचे विश्लेषण प्रसिद्ध झाले, तर १९८५ मध्ये ताज्या हापूसमधील १५० हून अधिक बाष्पनशील घटक ओळखण्यात आले. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील घोलप व बंदोपाध्याय यांनी हापूसच्या कैरीचा हिरवट वास सिस्-ओसिमीन या टर्पिनाशी संबंधित असल्याचे दाखविले. आंबेहळदीच्या कंदाला आंब्यासारखा वास येतो. त्यामागेही सिस्-ओसिमीन व कॅरीन ही टर्पिने असल्याचे त्यांनी १९८४ मध्ये निदर्शनास आणले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी २००९ मध्ये हापूस पिकतानाचे बदल नोंदविले. कच्च्या फळात टर्पिनांचे प्राबल्य असते. फळ पिकू लागल्यावर त्यांच्या जोडीला लॅक्टोने व फ्यूरॅनोने निर्माण होतात. पहिल्या गटाने कैरीचा राळेसारखा तीक्ष्णपणा येतो, तर दुसऱ्याने पक्व फळाचा गोडवा. गंधकयुक्त संयुगे अगदी अल्प प्रमाणात असली, तर रसरशीतपणा आणतात. प्रमाण वाढल्यास वास दुःसह होतो.

आधुनिक सुगंध : आज ‘आंबा’ म्हणून निर्देशिलेली छटा बहुधा अशा अनेक संयुगांच्या मेळातून उभी केलेली असते. फ्रेंच गंधकार झाँ-क्लोद एलेना यांनी एर्मेस या संस्थेसाठी रचलेला व २००५ मध्ये बाजारात आलेला ‘अँ झार्दँ स्यूर ल नील’ हा सुगंध याचे प्रसिद्ध उदाहरण होय. ईजिप्तमधील अस्वान येथे झाडांवर लटकणाऱ्या कैऱ्यांच्या वासावरून त्यांना ही कल्पना सुचली. सुगंधातील कैरी फळापासून काढलेली नसून, घ्राणेंद्रियाला कैरीचा भास व्हावा अशा बेताने द्रव्ये एकत्र आणून रचलेली आहे.

वराहमिहिराचा सहकार खऱ्या फळाचा, पण नाशवंत होता. आधुनिक आम्रगंध टिकाऊ असून वर्षभर उपलब्ध असतो. परंतु त्यात फळ नसते. हापूस, पायरी, केशर, लंगडा या वाणांत टर्पिने व लॅक्टोने यांची प्रमाणे निरनिराळी असल्याने प्रत्येकाचा वास वेगळा असतो. कुपीतील ‘आंबा’ या एकाच शब्दात हा भेद सहसा लोपतो. त्यामुळे एखाद्या सुगंधातील आम्रगंधाचे मूल्यमापन करताना तो कैरीचा आहे की पक्व फळाचा, आणि कोणत्या वाणाशी जुळतो, हे पाहणे आवश्यक ठरते. [⟶ अत्तर, आंबा].