फुलोरा सुरू झाला, मधपेट्या तपासा

महाबळेश्वर भागात उन्हाळ्याच्या तोंडावर जांभूळ फुलू लागला की सातेरी माश्यांची पेटी भराभर भरते. जागा कमी पडली तर वसाहत फुटते. जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन निघून जाते, मग हंगामाचा मध हातचा गेलाच समजा. म्हणून पेटी गच्च व्हायच्या आधी वर मधकोठी चढवा.

नवी राणी अंड्यापासून साधारण १६ दिवसांत बाहेर येते. त्यामुळे दर ७ दिवसांनी पोळी बघा. खालच्या कडेला राणीघरं लोंबताना दिसली, तर आधी जुनी राणी पेटीत आहे ना याची खात्री करा, मगच ती काढा.

मेणाने बंद झालेलाच मध काढा, कच्चा आंबतो. खालच्या कोठीतला मध पावसाळ्यात माश्यांनाच लागतो, त्याला हात लावू नका.