मनोविकृतीवरील उपचारांचे फलमापन
छिन्नमनस्कतेसारख्या गंभीर मानसिक आजारात उपचारांनी किती फरक पडला, याची पद्धतशीर मोजदाद. १९८७ मधील ‘पॅन्स’ मापनश्रेणीत भास, संशय, अलिप्तता अशा ३० लक्षणांना प्रत्येकी १ ते ७ गुण देतात. पण भास थांबले म्हणजे माणूस सावरला असे नव्हे. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने तयार केलेली ‘आयडियाज’ श्रेणी स्वतःची निगा, नातेसंबंध, संवाद व काम ही चार अंगे तपासते. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठीही तीच वापरतात. जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागेला पुन्हा वेळेवर पाणी देणारा, आपणहून अंघोळ करून जेवायला बसणारा रुग्ण तिथे दिसतो. घरच्यांना हवी असते ती हीच सुधारणा.

सातारा, गोवा व कांचीपुरम येथील २८२ रुग्णांवरील, २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या दोन्ही श्रेणी वापरल्या. प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते घरी जाऊन आधार देत, त्या गटात वर्षअखेर लक्षणे व अक्षमता माफक प्रमाणात कमी आढळली. महाराष्ट्रातील चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरीत, म्हणजे मराठवाड्याबाहेर आहेत. त्यामुळे मराठवाड्यातील जालन्यासाठी घरपोच आधाराचा हा निष्कर्ष विशेष मोलाचा आहे.